धान्यातील सोंडे : सिटोफिलस प्रजातीचा जीवनक्रम व ओळख
(नेवासा परिसराच्या संदर्भात)

सारांश

साठवणीच्या धान्यात आढळणारे सोंडे हे सिटोफिलस या प्रजातीतील लहान कीटक होत. या प्रजातीतील जाती दिसावयास परस्परांशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की, अभ्यासकही पुष्कळदा कीटक ज्या धान्यात मिळाला त्या धान्यावरूनच त्याचे नाव ठरवितात. प्रस्तुत लेखात या प्रजातीची शरीररचना, जीवनक्रम, जातींमधील भेद व ते ओळखण्याची पद्धती यांचे विवेचन केले आहे. धान्य हा कीटकाच्या ओळखीचा पुरावा ठरू शकत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सिटोफिलस, सोंडे, साठवणूक, धान्यकीड, जातिनिश्चिती, नेवासा.

१. प्रस्तावना

प्रवरा नदीच्या काठी वसलेले नेवासा हे गाव ज्ञानेश्वरीच्या रचनेचे स्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते आणखी एका कारणाने माहीत आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले आणि अश्मयुगापासून मराठेशाहीपर्यंतच्या वस्तीचे थर उजेडात आणले. जेथे मनुष्य स्थिर झाला तेथे त्याने धान्य साठविले आणि जेथे धान्य साठले तेथे ते खाणारा कीटकही आला. या अर्थाने धान्यातील सोंड्याचा इतिहास हा मानवी वस्तीच्या इतिहासाचाच एक लहानसा भाग आहे.

आजच्या नेवासा तालुक्याचा विचार केला तर ऊस, कांदा व कापूस या नगदी पिकांबरोबर गहू, ज्वारी, बाजरी आणि मका ही धान्ये येथे पिकतात. वर्षाच्या बेगमीचे धान्य घरात भरून ठेवण्याची पद्धत ग्रामीण भागात अद्यापि टिकून आहे. पूर्वीच्या कणग्या, बळदे व पेवे जाऊन त्यांच्या जागी पत्र्याच्या कोठ्या व प्लॅस्टिकची पोती आली, तथापि श्रावण-भाद्रपदात कोठीचे झाकण उघडताच काळपट किड्यांची हालचाल दिसावी, हा अनुभव बदललेला नाही. या किड्यांना सोंडे, टोके किंवा नुसतेच किडे असे म्हटले जाते. बोलीभाषेत एवढे नाव पुरेसे असते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील बरणीवर मात्र ते पुरेसे ठरत नाही.

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या काळात जमविलेल्या नमुन्यांच्या बरण्यांवर तांदळातील किड्यास ‘सिटोफिलस ओरायझी’ आणि मक्यातील किड्यास ‘सिटोफिलस झिआमेज’ अशी चिठ्ठी स्वहस्ते चिकटविली होती. त्यांपैकी एकाही कीटकाचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले नव्हते. नाव कीटकावरून न ठरविता धान्यावरून ठरविले होते, हे पुढे अध्यापन करताना लक्षात आले. हीच चूक विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून, तेथून प्रबंधांतून आणि प्रबंधांतून कीटकसूचींत उतरत जाते. म्हणून या विषयाची सविस्तर मांडणी करणे आवश्यक वाटले.

२. वर्गीकरणातील स्थान

कीटकवर्गातील कोलिऑप्टेरा म्हणजे भुंगेरे हा सर्वांत मोठा गण होय. त्यातील कर्क्युलिओनिडी या कुलात सोंड असलेल्या भुंगेऱ्यांचा समावेश होतो. सिटोफिलस ही प्रजाती या कुलातील ड्रायोफ्थोरिनी या उपकुलात ठेवली जाते. शॉनहेर या स्वीडिश कीटकतज्ज्ञाने १८३८ मध्ये ही प्रजाती प्रस्थापित केली. जुन्या ग्रंथांतून हेच कीटक ‘कॅलांड्रा’ या नावाखाली आढळतात, याची नोंद संदर्भ पाहणाऱ्यांनी ठेवावी.

प्रस्तुत लेखात ‘प्रजाती’ हा शब्द वर्गीकरणातील वरच्या घटकासाठी व ‘जाती’ हा शब्द त्याखालील घटकासाठी वापरला आहे. सिटोफिलस ही प्रजाती असून तिच्यातील चार जाती आपल्या दृष्टीने विचारात घेण्यासारख्या आहेत.

(अ) सिटोफिलस ओरायझी : लिनियसने १७६३ मध्ये वर्णिलेली जाती. हिला सामान्यतः तांदळातील सोंडा म्हणतात.
(आ) सिटोफिलस झिआमेज : मोचुल्स्कीने १८५५ मध्ये वर्णिलेली जाती. हिला मक्यातील सोंडा म्हणतात.
(इ) सिटोफिलस ग्रॅनॅरियस : लिनियसने १७५८ मध्ये वर्णिलेली, मुख्यतः थंड व समशीतोष्ण प्रदेशातील कोठारांत आढळणारी जाती.
(ई) सिटोफिलस लिनिएरिस : चिंचोक्यात वाढणारी जाती.

यांपैकी पहिल्या दोन जातींच्या नावांचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. दीर्घकाळ त्या एकाच जातीचे ‘लहान’ व ‘मोठे’ असे दोन प्रकार मानल्या जात. जपानमध्ये लहान प्रकाराला ‘सासाकी’ असे स्वतंत्र नावही देण्यात आले होते. १९५९ मध्ये फ्लॉइड व न्यूसम यांनी या दोन भिन्न जाती असल्याचे दाखवून दिले आणि १९६१ मध्ये कुशेल यांनी नावांचा घोळ मिटविला. त्यांच्या निर्णयानुसार लहान प्रकारास ओरायझी व मोठ्या प्रकारास झिआमेज ही नावे रूढ झाली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, १९६१ पूर्वीच्या लेखनात ‘ओरायझी’ हे नाव आढळले तर त्यावरून आजची कोणती जाती अभिप्रेत आहे हे निश्चित सांगता येत नाही. जुन्या नोंदींचा आधार घेताना ही मर्यादा ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

३. शरीररचना

सोंड्याची लांबी साधारणतः अडीच ते साडेचार मिलिमीटर असते. रंग तांबूस तपकिरीपासून काळपट तपकिरीपर्यंत बदलतो. डोक्याचा पुढील भाग निमुळता होऊन त्याची सोंड झालेली असते आणि सोंडेच्या टोकाशी चावण्याचे जबडे असतात. ही सोंड रस शोषण्यासाठी नसून दाणा कुरतडण्यासाठी व पोखरण्यासाठी असते. डास किंवा ढेकूण यांच्या सोंडेशी तिची तुलना विद्यार्थी हमखास करतात, म्हणून हा भेद वर्गात आवर्जून सांगावा लागतो.

शृंगिका कोपरासारख्या वाकलेल्या असून त्यांच्या टोकाशी गदेसारखा फुगीर भाग असतो. वक्षाच्या पहिल्या भागाची पाठ बारीक खळग्यांनी भरलेली असते. पाठीवरील कठीण पंखांवर खळग्यांच्या लांब रेषा असतात. ओरायझी व झिआमेज या जातींत या कठीण पंखांवर तांबूस किंवा पिवळसर असे चार डाग दिसतात आणि कठीण पंखांखाली उड्डाणाचे पातळ पंख असतात.

नर व मादी यांतील फरक सोंडेवरून करता येतो. नराची सोंड तुलनेने आखूड, जाड व खरखरीत असते. मादीची सोंड अधिक लांब, बारीक, गुळगुळीत व किंचित वाकलेली असते. मादीला दाण्यात अंड्यासाठी छिद्र पाडावयाचे असल्याने तिच्या सोंडेची ही ठेवण उपयुक्त ठरते. हात लावताच पाय पोटाशी आखडून मेल्याचे सोंग घेणे, ही या कीटकाची आणखी एक परिचित खूण आहे.

४. जीवनक्रम

मादी आपल्या सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि स्वतःच्या शरीरातून स्रवणाऱ्या चिकट द्रव्याने ते छिद्र बुजवून टाकते. हे बूच दाण्याच्या रंगाशी इतके मिळून जाते की साध्या डोळ्यांना ते दिसत नाही. आम्ल फुक्सिन या रंगद्रव्यात दाणे बुडवून धुतले असता बुचे लालभडक दिसू लागतात. पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकासाठी हा प्रयोग अत्यंत सोपा व उद्बोधक आहे. अनुकूल परिस्थितीत एक मादी आपल्या आयुष्यात दीडशेपासून तीनशे-चारशेपर्यंत अंडी घालू शकते.

अंड्यातून बाहेर येणारी अळी पांढरट, पाय नसलेली, पाठीकडून फुगीर आणि तपकिरी डोक्याची असते. ती दाण्याच्या आतच वाढते, चार अवस्थांतून जाते आणि आतच कोषात रूपांतरित होते. कोषातून निघालेला प्रौढही काही दिवस दाण्यातच राहतो आणि अंगावरील कवच कठीण झाल्यावर वेडेवाकडे छिद्र पाडून बाहेर पडतो. सुमारे २७ ते ३० अंश सेल्सिअस तापमान व ७० टक्के आर्द्रता असताना हा सर्व क्रम साधारण पाच आठवड्यांत पूर्ण होतो. प्रौढ कीटक पुढे कित्येक महिने जगतो. गव्हाच्या एका दाण्यातून बहुधा एकच प्रौढ बाहेर येतो. मक्याच्या मोठ्या दाण्यात मात्र एकाहून अधिक वाढू शकतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. चाळणीने धान्य चाळल्यावर जे निघून जातात ते केवळ प्रौढ होत. अंडी, अळ्या व कोष दाण्यांतच राहतात आणि महिन्याभरात पुन्हा तितकेच किडे दिसू लागतात. ‘धान्य निवडून ठेवले होते, तरी किडे झाले’ ही घराघरांतील तक्रार गृहिणीच्या निष्काळजीपणाची नव्हे, तर कीटकाच्या या छुप्या जीवनक्रमाची निदर्शक आहे.

वाढीचा वेग किती असू शकतो याचा अंदाज केवळ उदाहरणादाखल घेऊ. एका मादीच्या अंड्यांपैकी ५० प्रौढ झाले आणि त्यांत निम्म्या माद्या धरल्या, तर दुसऱ्या पिढीत १,२५० आणि तिसऱ्या पिढीत ३१,२५० प्रौढ होतील. प्रत्यक्षात अन्न, दाटी व नैसर्गिक शत्रू यांमुळे संख्या इतकी वाढत नाही, परंतु जून महिन्यात नगण्य वाटणारा प्रादुर्भाव दसऱ्यापर्यंत कोठी का भरून टाकतो, हे त्यावरून समजते.

ऋतुमानाचा संबंधही येथे लक्षात घ्यावा लागतो. साधारण १५ अंशांच्या खाली व ३५ अंशांच्या वर या कीटकाची वाढ जवळजवळ थांबते. धान्यातील पाण्याचा अंश १० टक्क्यांच्या आसपास आला तर पुनरुत्पादन अतिशय मंदावते. मार्च-एप्रिलमध्ये निघणारा गहू आपल्याकडील कडक उन्हाळ्यात चांगला वाळतो व प्रारंभी सुरक्षित राहतो. पावसाळ्याची दमट हवा सुरू होताच धान्य पुन्हा ओलावा धरते आणि किडीला अनुकूल काळ येतो. खरिपाचा मका मात्र ओलसर स्थितीतच घरात येतो. तो पुरेसा न वाळविता साठविल्यास किडीला पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही.

५. कीटकाच्या पोटातील सोबती

सिटोफिलसच्या जीवनातील एक अंग गेल्या काही दशकांत विशेष अभ्यासले गेले आहे. केवळ धान्यावर जगणाऱ्या कीटकाला काही आवश्यक अमिनो आम्ले अपुरी मिळतात. ही उणीव त्याच्या शरीरातील विशिष्ट पेशींत राहणारे सोडालिस पिएरान्टोनियस हे जिवाणू भरून काढतात. हे जिवाणू मादीकडून अंड्यांमार्फत पुढील पिढीत जातात. कोषातून बाहेर पडलेल्या कोवळ्या प्रौढाचे कवच कठीण व गडद होण्यासाठी फेनिलअलानिन व टायरोसिन ही अमिनो आम्ले मोठ्या प्रमाणात लागतात. त्या काळात जिवाणूंची संख्या झपाट्याने वाढते. कवच तयार झाले की कीटक आपल्या आतड्यातील हे जिवाणू नष्ट करून त्यांचे घटक स्वतःसाठी वापरतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. मादीच्या अंडाशयातील जिवाणू मात्र टिकून राहतात.

२०२१ मध्ये सिटोफिलस ओरायझीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग स्थान बदलू शकणाऱ्या डीएनए घटकांनी व्यापलेला असल्याचे आढळले. घरातल्या तांदळात दिसणारा हा क्षुद्र कीटक जगातील प्रयोगशाळांत सहजीवनाच्या अभ्यासाचा आदर्श नमुना ठरला आहे, ही बाब विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

नर सोंडे ‘सिटोफिल्युअर’ नावाचे गंधद्रव्य सोडतात व त्यामुळे नर आणि मादी दोघेही एकत्र जमतात. ओरायझी व झिआमेज या दोन्ही जातींत हेच द्रव्य आढळते. म्हणून गंधसापळ्यात सापडलेला कीटक कोणत्या जातीचा, हे सापळ्यावरून सांगता येत नाही.

६. ओळखीच्या पायऱ्या

पहिली पायरी : कीटक सोंड्याच आहे, याची खात्री. साठवणीच्या धान्यात इतरही भुंगेरे असतात. दाणे पोखरणारा ऱ्हायझोपर्था हा लहान, नळीसारखा भुंगेरा असून त्याचे डोके वक्षाखाली झाकलेले असते व तो भरपूर पीठ पाडतो. पिठातील तांबडा भुंगेरा म्हणजे ट्रायबोलियम हा चपटा असतो. खापरा भुंगेरा अंडाकृती असून त्याच्या केसाळ अळ्या अधिक नुकसान करतात. हरभरा, मूग, तूर यांतील कडधान्याचा भुंगेरा हा तर सोंड्यांच्या प्रजातीतला नाहीच. त्याला खरी सोंड नसते. या सर्वांत लांब, स्पष्ट सोंड केवळ सिटोफिलसला असते.

दुसरी पायरी : वक्षाच्या पाठीवरील खळगे व उड्डाणपंख. खळगे लांबट अंडाकृती असतील, पाठीवर डाग नसतील आणि कठीण पंखांखाली उड्डाणपंख नसतील, तर ती सिटोफिलस ग्रॅनॅरियस होय. ही जाती उडू शकत नाही. ती थंड हवामानात टिकते, आपल्या उष्ण प्रदेशात तिची अपेक्षा नसते. तरीही परदेशी पाठ्यपुस्तकांतील चित्रांवरून विद्यार्थी आपल्या गव्हातील सोंड्याला बेधडक ग्रॅनॅरियस ठरवितात. कठीण पंख सुईने उचलून खालील पंख पाहिले तरी ही चूक टळते. खळगे गोल, डाग चार व उड्डाणपंख उपस्थित असल्यास ओरायझी व झिआमेज यांच्यातील निवड उरते.

तिसरी पायरी : बाह्य लक्षणे व त्यांची मर्यादा. झिआमेज हा सामान्यतः मोठा, गडद व चकचकीत, तर ओरायझी लहान व फिकट असे वर्णन केले जाते. ओरायझीच्या वक्षपाठीवर मधोमध खळगे नसलेली अरुंद पट्टी असते व मध्यरेषेलगतच्या खळग्यांची संख्या बहुधा २० पेक्षा कमी भरते. झिआमेजमध्ये खळगे दाट व सारखे पसरलेले असून ही संख्या बहुधा २० पेक्षा अधिक असते. ही लक्षणे प्राथमिक अंदाजापुरती उपयोगी आहेत. आकारावर तर मुळीच विसंबू नये. कीटक ज्या दाण्यात वाढतो त्या दाण्याच्या आकारानुसार त्याचा आकार बदलतो. मक्यात वाढलेला ओरायझी हा गव्हात वाढलेल्या आपल्याच भाईबंदांहून मोठा दिसतो आणि निरीक्षक फसतो.

चौथी पायरी : जननांगांचे निरीक्षण. हीच निर्णायक पायरी होय. मृत कीटक कोमट पाण्यात मऊ करून त्याचे उदर वेगळे करावे, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सुमारे १० टक्के द्रावणात काही मिनिटे गरम करावे, पाण्याने धुवावे व ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. नराच्या एडीगस या अवयवाचा वरचा पृष्ठभाग ओरायझीमध्ये गुळगुळीत व फुगीर असतो. झिआमेजमध्ये त्यावर दोन लांब समांतर खाचा दिसतात. मादीच्या उदरात इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची एक कठीण पट्टी असते. तिच्या दोन भुजा ओरायझीमध्ये रुंद व टोकाशी गोलसर, तर झिआमेजमध्ये निमुळत्या व टोकदार असतात. भुजांमधील अंतर ओरायझीत कमी व झिआमेजमध्ये अधिक असते.

नर निवडून त्यांचे निरीक्षण करणे नवशिक्यास सोपे जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्राणिविच्छेदनविषयक सूचना लक्षात घेता, प्रत्येक विद्यार्थ्याकडून हे काम करून घेण्याऐवजी शिक्षकाने दोन्ही जातींच्या कायमस्वरूपी स्लाईड्स एकदाच तयार करून विभागात ठेवाव्यात, हे इष्ट होय. सुविधा असल्यास डीएनए बारकोडिंगने निश्चिती करता येते, परंतु साध्या सूक्ष्मदर्शकावर होणारे काम त्यासाठी अडवून ठेवण्याचे कारण नाही.

७. धान्यावरून नाव का देऊ नये?

ओरायझी ही जाती तांदळाखेरीज गहू, ज्वारी, मका, जव यांतही सुखाने वाढते. झिआमेज ही मक्याखेरीज तांदूळ, ज्वारी व गहू यांत आढळते. कडधान्यांत हे सोंडे सहसा वाढत नाहीत. वाटाण्यासारख्या द्विदल धान्यांतील एक लहान प्रथिन त्यांना विषारी ठरते. तथापि ओरायझीचे काही वंश वाटाण्याच्या डाळीवरही जगू शकतात. म्हणजे ‘डाळीत मिळाला, म्हणून सोंडा नव्हे’ हाही नियम पक्का नाही.

नेवासा परिसरातील एखाद्या सामान्य कुटुंबाचे उदाहरण घ्यावे. घरात शेतातील गहू व ज्वारी आहे, बाहेरच्या राज्यांतून आलेला रास्त भाव दुकानातील तांदूळ आहे आणि कोंबड्या-जनावरांसाठी मका आहे. ही सर्व पोती एकाच खोलीत एकमेकांना लागून असतात. तांदळाबरोबर आलेला कीटक आठवड्याभरात ज्वारीत जातो. अशा स्थितीत पोत्यावरून कीटकाचे नाव ठरविणे म्हणजे प्रवासी ज्या फलाटावर उभा दिसला त्यावरून त्याचे गाव ठरविण्यासारखे आहे.

या बाबतीत जपानमधील एक संशोधन उद्बोधक आहे. तेथील जोमोन संस्कृतीच्या मृत्पात्रांवर, माती ओली असताना दबले गेलेले झिआमेज सोंड्यांचे ठसे आढळले. त्यांपैकी सर्वांत जुने ठसे सुमारे १०,५०० वर्षांपूर्वीचे असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी जपानमध्ये भातशेती नव्हती आणि मका तर अमेरिकेबाहेर गेलेलाच नव्हता. त्यामुळे हे कीटक साठविलेल्या चेस्टनट, ओकच्या फळांवर जगत असावेत असा अभ्यासकांचा तर्क आहे. ज्या कीटकाला आपण ‘मक्यातील सोंडा’ म्हणतो तो आशियात मक्याच्या आगमनापूर्वी हजारो वर्षे नांदत होता. नावातील धान्य हा त्याच्या इतिहासाचा फार अलीकडचा भाग आहे.

येथे पुन्हा नेवाशाकडे वळावेसे वाटते. नेवासा आणि त्याच प्रवरेच्या काठचे दायमाबाद येथील उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन मृत्पात्रे विपुल मिळाली आहेत. खापरांवरील बारीक ठशांचे सिलिकॉनचे साचे घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत आता उपलब्ध आहे. प्राणिशास्त्र व पुरातत्त्व या दोन शाखांनी एकत्र येऊन हा अभ्यास हाती घेतल्यास प्रवराकाठच्या धान्यसाठ्यांविषयी नवी माहिती मिळू शकेल.

या जातीचा याला अपवाद आहे तो चिंचोक्यातील लिनिएरिसचा. ही जाती चिंचेच्या बियांवरच वाढते. आपल्या बांधाबांधांवर चिंचेची झाडे असल्याने तिचे नमुने जमविणे सोपे आहे. मात्र तेथेही चिंचोक्यातून कीटक बाहेर पडताना पाहिल्यावरच नोंद करावी, केवळ चिंचेच्या पोत्यावर फिरताना दिसला म्हणून करू नये.

८. नावाचे व्यावहारिक महत्त्व

‘कोणताही सोंडा असो, तो धान्यच खातो. मग जात कळून उपयोग काय?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतात व तो रास्त आहे. त्याची तीन उत्तरे देता येतात.

एक, झिआमेज हा चांगला उडणारा कीटक असून तो शेतातील पक्व कणसांपर्यंत पोहोचतो. त्याचा प्रादुर्भाव असेल तर कोठी कितीही स्वच्छ ठेवली तरी कीड शेतातूनच घरात येते. तेथे वेळेवर काढणी, त्वरित वाळवण आणि पाण्याचा अंश सुमारे १२ टक्क्यांपर्यंत आणणे हा मुख्य उपाय ठरतो. ओरायझी तुलनेने कमी उडतो. त्याच्या बाबतीत जुने पोते, कोठीच्या फटी व मागील वर्षाचे उरलेले धान्य हेच उगमस्थान असण्याची शक्यता अधिक असते.

दोन, धुरीच्या औषधांना येणारा प्रतिकार हा जातीनुसार व वंशानुसार भिन्न असतो. अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये केलेल्या जागतिक पाहणीतच धान्यकिडींत फॉस्फिनविषयक प्रतिकार दिसून आला होता. नाव चुकले तर प्रतिकाराची नोंदही चुकीच्या जातीच्या खात्यावर जमा होते.

तीन, महाविद्यालयीन संग्रह हे पुढील अभ्यासकांसाठी पुरावे असतात. चुकीची चिठ्ठी असलेली बरणी ही रिकाम्या बरणीपेक्षा अधिक घातक होय, कारण रिकामी बरणी कोणाची दिशाभूल करीत नाही.

९. नियंत्रणाविषयी थोडेसे

धान्य कडक उन्हात पातळ थर करून वाळविणे ही आपली परंपरागत पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मात्र दाण्याचेच तापमान ५० अंशांच्या वर काही काळ राहिले तरच आतील अळ्या मरतात. जाड ढिगात केवळ प्रौढ पळून जातात. घरगुती वापराचा थोडा तांदूळ वा रवा काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवणेही परिणामकारक ठरते. हवाबंद साठवणुकीत धान्य व कीटक यांच्या श्वसनामुळे प्राणवायू कमी होतो आणि कीड मरते. जुन्या पेवांचे तत्त्व हेच होते. पेव उघडताच त्यात उतरू नये, हा वडीलधाऱ्यांचा दंडक त्याच वायूंच्या अनुभवातून आला आहे.

अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी स्पष्ट इशारा देणे कर्तव्य ठरते. हवेतील ओलाव्याने त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू मनुष्यास प्राणघातक असून त्यावर विशिष्ट उतारा नाही. नियमांनुसार हे औषध प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तींच्या देखरेखीखालीच वापरावयाचे असते. राहत्या घरात, झोपण्याच्या खोलीतील कोठीत या गोळ्या ठेवणे म्हणजे धान्य वाचविण्यासाठी कुटुंबाचा जीव धोक्यात घालणे होय. ऊसतोडणीस बाहेरगावी जाणारी अनेक कुटुंबे वर्षाचे धान्य एकाच लहान खोलीत ठेवतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचविणे प्राध्यापकांना सहज शक्य आहे.

१०. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सिटोफिलस प्रजातीचे सोंडे सर्वपरिचित असले तरी त्यांची ओळख गृहीत धरण्याइतकी सोपी नाही. धान्य, आकार व रंग ही तिन्ही लक्षणे दिशाभूल करू शकतात. जननांगांचे निरीक्षण हाच सामान्य प्रयोगशाळेत उपलब्ध असलेला विश्वासार्ह मार्ग होय. त्यासाठी लागणारे साहित्य बहुतेक प्राणिशास्त्र विभागांत आधीपासूनच असते.

म्हणून प्राध्यापक बंधू-भगिनींना अशी विनंती करावीशी वाटते की, आपल्या विभागातील सोंड्यांच्या बरण्या एकदा खाली काढाव्यात. ज्यातील नराचे जननांग पाहिलेले आहे त्या बरणीवर जातीचे नाव कायम ठेवावे. इतर बरण्यांवर ‘सिटोफिलस, जाती अनिश्चित’ असे लिहून त्याखाली धान्य, गाव व दिनांक यांची नोंद करावी. प्रस्तुत लेखकाने आपल्या जुन्या बरण्यांवरील चिठ्ठ्या याच रीतीने बदलल्या आहेत. पुरावा असेल तेवढेच लिहावे, ही सवय विद्यार्थ्याला लावण्यास या चार मिलिमीटरच्या कीटकासारखे सुलभ व स्वस्त साधन दुसरे क्वचितच सापडेल.